रस्त्याच्या पोटात थर्माकोल

दोन कामगार एक पांढरा ठोकळा दोन टोकांना धरून आरामात चालले आहेत. दोन मीटर लांब, मीटरभर रुंद, अर्धा मीटर जाड. म्हणजे घनफळ बरोबर एक घनमीटर. एवढाच मुरूम रोलरखाली दाबून बसवला तर त्याचं वजन दोन टनांच्या घरात जातं आणि तो हलवायला यंत्र आणावं लागतं. या ठोकळ्याचं वजन आहे वीस किलो. कामगार तो खाली ठेवतात, शेजारच्या ठोकळ्याला भिडवतात आणि दुसरा आणायला वळतात. असे शेकडो ठोकळे थरावर थर रचले जातात. त्यांच्यावर काँक्रीटची लादी, लादीवर खडी, खडीवर डांबर. आणि मग त्यावरून भरलेले ट्रक धावू लागतात, दशकानुदशकं.

ठोकळा थर्माकोलचा आहे. हो, तोच. गणपतीच्या मखरासाठी आपण ज्याच्या नक्षीदार कमानी कापायचो, ज्याच्या खोक्यात बर्फ घालून बांगडे आणि इसवण बाजारात येतात, नव्या टीव्हीच्या खोक्यात कोपऱ्याकोपऱ्यांत जो कोंबलेला असतो आणि नखानं टोकरला की ज्याचे दाणे घरभर उडतात, तो थर्माकोल. जगातल्या रस्तेबांधणीत त्याला ‘जिओफोम’ असं भारदस्त नाव आहे. नॉर्वेत तो १९७२ पासून, जपानमध्ये १९८५ पासून महामार्गांच्या पोटात गेला. तिथल्या अभियंत्यांनी तो नाइलाजानं वापरला, हौसेनं नाही. आणि त्यांचा नाइलाज समजून घ्यायचा असेल तर त्यासाठी गोव्यासारखी दुसरी जागा नाही.

जमीन जी खाली जाते

पेडणे आणि डिचोली हे उत्तर गोव्यातले दोन तालुके. दोन्हीकडे वर जांभ्याचे सडे आणि खाली नद्यांची खोरी. पेडण्याच्या उत्तरेला तेरेखोल, दक्षिणेला शापोरा. या दोन नद्यांच्या मध्ये मोपाचा उंच सडा, जिथे आता विमानं उतरतात. डिचोलीत मये, नार्वे, पिळगाव या बाजूला जमीन मांडवीकडे उतरत जाते. सड्यावर पहार मारली तर हात झिणझिणतो. तिथून दोन-चार किलोमीटर खाली नदीकाठी या आणि खाजनात पाय टाका. तो गुडघ्यापर्यंत आत जातो.

खाजन म्हणजे खाडीच्या भरतीच्या पाण्यातून माणसानं सोडवून घेतलेली जमीन. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी शतकं आधी इथल्या लोकांनी चिखलाचे बांध घातले, बांधांत मानस, म्हणजे पाण्याची दारं, बसवली, भरतीचं पाणी अडवलं आणि ओहोटीला आतलं पाणी सोडलं. मिठालाही न हरणारा कोरगुट भात त्यात पिकवला. गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर जमीन आहे. तिच्याखाली हजारो वर्षं नद्यांनी आणून टाकलेला काळसर, बारीक, पाण्यानं ओथंबलेला गाळ आहे. काही ठिकाणी त्याची जाडी दहा मीटर, काही ठिकाणी वीस.

या गाळाची ताकद किती? अगदी मऊ खाडीगाळाचं कातरबळ, म्हणजे घसरण्याला होणारा विरोध, चौरस मीटरला जेमतेम एक टन असतं. मृदाशास्त्राचं साधं गणित असं सांगतं की अशा गाळावर मातीचा भराव घालत गेलात, तर साधारण अडीच-पावणेतीन मीटर उंचीला गाळ हार मानतो. भराव एका बाजूला घसरतो आणि शेजारच्या शेतात गाळाची वरंबी वर उठते. त्याहून कमी उंचीचा भराव उभा राहतो, पण तो स्वस्थ बसत नाही. त्याच्या वजनानं गाळातलं पाणी हळूहळू पिळून निघतं आणि जेवढं पाणी बाहेर पडेल तेवढी जमीन खाली जाते.

हे ‘हळूहळू’ किती हळू, याचं उत्तर कार्ल टेर्झागी या अभियंत्यानं १९२५ साली दिलं. गाळाचा थर दुप्पट जाड असेल तर पाणी निघायला दुप्पट नव्हे, चौपट वेळ लागतो. थर तिप्पट असेल तर नऊपट. म्हणजे एखाद्या ठिकाणी पाच मीटर गाळ दोन वर्षांत बसत असेल, तर तसलाच वीस मीटर गाळ बसायला बत्तीस वर्षं लागतील. ठेकेदार बिल घेऊन गेलेला असतो, अभियंता निवृत्त झालेला असतो, आणि रस्ता अजून खालीच चाललेला असतो.

खाडीवरच्या पुलाच्या तोंडाशी गाडीला बसणारा दणका आपण सगळ्यांनी खाल्ला आहे. तो नेहमी खड्ड्याचा नसतो. पूल पाइलवर उभा असतो आणि पाइल गाळ भेदून खालच्या खडकात टेकलेले असतात. पूल जागचा हलत नाही. त्याला जोडणारा रस्ता मात्र भरावावर असतो आणि भराव गाळावर. एक जागेवर, दुसरा दर पावसाळ्यानंतर बोटभर खाली. दोघांच्या सांध्यावर पायरी तयार होते. मग त्यावर डांबराचा थर टाकून ती भरतात. काही महिने गाडी अलगद जाते आणि पुन्हा पायरी येते, कारण त्या डांबराचंही वजन असतंच. जमीन वजनानं खचत होती. आपण तिच्यावर आणखी वजन ठेवलं.

मऊ चिखलावर रस्ता नेण्याचा प्रश्न गोव्याला नवा नाही. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा सुमारे तीन किलोमीटरचा दगडी रस्ता, लिन्यारेसचा सेतू, १६३३-३४ मध्ये त्या नावाच्या विजरईच्या काळात झाला. दोन्ही बाजूंना खारफुटी आणि मिठागरं, खाली दलदल. पायात लाकडी ओंडके ठोकून त्यावर जांभा रचल्याचं सांगतात. जवळजवळ चार शतकं झाली, त्या वाटेनं वाहतूक चालूच आहे. त्या काळचा उपाय असा होता: वजन कसंतरी खोलवर, घट्ट थरापर्यंत पोचवायचं. आजचे पाइल त्याच विचाराचे वारस. वजन पोचवण्याऐवजी थर्माकोल घालून वजनच काढून टाकावं, हा विचार रस्त्यावर उतरायला १९७२ साल उजाडावं लागलं.

फ्लोमचा पूल

ऑस्लो शहराबाहेर फ्लोम नावाचा एक छोटा पूल आहे. त्याच्या जोडरस्त्याखाली तीन मीटर कुजकी वनस्पतिमाती आणि त्याखाली दहा मीटर मऊ चिकणमाती. पूल पाइलवर ठाम उभा आणि रस्ता दरवर्षी वीस ते तीस सेंटिमीटर खाली. वर डांबर, की पुन्हा खाली, की पुन्हा डांबर. हे चक्र थांबेना.

नॉर्वेच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेतल्या अभियंत्यांकडे त्या वेळी थर्माकोलच्या पाट्या होत्याच. थंडीत रस्त्याखालची जमीन गोठून फुगू नये म्हणून ते त्या पातळ पाट्या रस्त्याखाली घालत असत. त्यावरून वर्षानुवर्षं वाहनं जाऊनही पाट्या चेपल्या जात नाहीत, हे त्यांनी पाहिलं होतं. मग प्रश्न आला: पातळ पाटी चालते, तर मीटरभर जाडीचा थर का नाही? फ्लोमच्या जोडरस्त्यातला मीटरभर भराव त्यांनी काढला आणि त्या जागी अर्धा-अर्धा मीटर जाडीचे थर्माकोलचे दोन थर बसवले. वर पुन्हा रस्ता केला.

खचणं थांबलं. दोन दशकांनंतर तिथले ठोकळे उकरून तपासले, तर त्यांची ताकद कमी झालेली नव्हती.

या कल्पनेचा प्रवास मग वेगानं झाला. १९८५ साली ऑस्लोत या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्याच वर्षी जपाननं हे तंत्र उचललं, कारण मऊ गाळ, उभे डोंगरउतार आणि भूकंप या तिन्ही दुखण्यांवर कमी वजन हा उतारा त्यांना हवाच होता. भूकंपाचा धक्का वस्तूच्या वस्तुमानाच्या प्रमाणात बसतो. ज्याला वस्तुमानच नाही त्याला भूकंप हलवणार तरी किती? नॉर्वे त्याहून पुढे गेलं. १९८९ मध्ये ल्योक्केबर्ग इथे तात्पुरता पोलादी पूलच थर्माकोलच्या भरावावर टेकवला. एरवी जोडरस्ता पुलाला टेकतो, इथे पूल जोडरस्त्याच्या थर्माकोलवर बसला.

सर्वांत गाजलेलं काम अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचं. २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकआधी शहरातून जाणारा मोठा महामार्ग रुंद करायचा होता. शहर एका प्राचीन सरोवराच्या गाळावर वसलेलं. नवा मातीचा भराव घातला असता तर जमीन मीटरभर खचली असती आणि तोपर्यंत ऑलिंपिक होऊन गेलं असतं. शिवाय भरावाखालून जुन्या पाण्याच्या आणि गॅसच्या वाहिन्या गेलेल्या. जमीन खचली की त्या तुटणार. १९९७ ते २००१ च्या दरम्यान तिथे सुमारे एक लाख घनमीटर थर्माकोल महामार्गाच्या पोटात गेला. वाहिन्यांवर नवं वजन जवळपास आलंच नाही, म्हणून त्यातल्या कित्येक हलवाव्या लागल्या नाहीत.

मांडवीतला बार्ज

हे चालतं कसं, ते डिचोलीच्या माणसाला समजावणं सगळ्यात सोपं आहे. वजन म्हणजे काय, हे या तालुक्यानं पिढ्यानपिढ्या पाहिलं आहे. इथल्या खाणींतलं लोहखनिज टिपरनं धक्क्यावर यायचं आणि बार्जमध्ये भरून मांडवीतून मुरगावला जायचं. हजार-दोन हजार टन खनिज पोटात घेतलेला पोलादी बार्ज बुडत का नाही? कारण त्यानं तेवढ्याच वजनाचं पाणी बाजूला सारलेलं असतं. पाण्याच्या दृष्टीनं काहीच बदललेलं नसतं. पाणी गेलं, तितक्याच वजनाचा बार्ज आला.

रस्त्याच्या बाबतीत पाण्याच्या जागी गाळ घ्या. एका चौरस मीटर जागेचा हिशेब मांडू. एक मीटर खोल गाळ खणून काढला. त्याचं वजन सुमारे १,६०० किलो. आता त्या खड्ड्यात आणि वर मिळून दोन मीटर थर्माकोल रचला: चाळीस किलो. त्यावर पंधरा सेंटिमीटर काँक्रीटची लादी: ३६० किलो. त्यावर अर्धा मीटर खडी आणि डांबर: १,१०० किलो. एकूण १,५०० किलो. जमिनीपासून दीड मीटरहून उंच रस्ता तयार झाला आणि खालच्या गाळावरचा भार आधीपेक्षा शंभर किलोनं कमीच झाला! गाळाला वर रस्ता झाल्याचं कळतसुद्धा नाही. ज्या गाळावर नवं ओझंच आलं नाही, त्यातलं पाणी पिळून निघणार कशाला आणि तो खचणार कशाला? टेर्झागीच्या बत्तीस वर्षांच्या प्रतीक्षेचा प्रश्नच मिटला.

हाच रस्ता मुरमानं तेवढा उंच केला असता, तर दर चौरस मीटरला तीन टनांहून जास्त नवं ओझं आलं असतं.

आता ताकदीचं कोडं. नखानं उकरता येणारा पदार्थ ट्रक कसा पेलतो? थर्माकोल ९८ टक्के हवा आहे. बाकीचे दोन टक्के पॉलिस्टायरीन नावाचं प्लास्टिक. १९४९ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीतल्या फ्रिट्झ श्टास्टनी या रसायनतज्ज्ञाला याचा शोध लागला. साखरेच्या दाण्याएवढे प्लास्टिकचे कण असतात आणि त्यांत पेंटेन नावाचा सहज वायू होणारा द्रव मुरवलेला असतो. वाफ दिली की प्लास्टिक मऊ होतं, पेंटेन फुगतो आणि दाणा चाळीसपटीपर्यंत मोठा होतो. हे फुगलेले दाणे काही काळ मुरू देतात, मग साच्यात भरून पुन्हा वाफ देतात. जागा न उरल्यानं दाणे एकमेकांना चिकटून बसतात आणि ठोकळा तयार होतो. तापलेल्या तारेनं तो हव्या त्या मापात कापला जातो.

प्रत्येक दाण्यात अतिशय पातळ भिंतींच्या असंख्य बंद पोकळ्या असतात. नख टोकदार असतं. सगळा जोर दोन-चार दाण्यांवर येतो आणि ते निखळतात. ट्रकच्या चाकाचा जोर मात्र डांबर, खडी आणि काँक्रीटची लादी यांतून उतरताना पसरत जातो आणि ठोकळ्यापर्यंत पोचेस्तोवर तो कोट्यवधी पोकळ्यांत वाटला गेलेला असतो. घनमीटरला बावीस किलो वजनाचा साधा जिओफोम दर चौरस मीटरला सुमारे पाच टन भार घेतो आणि तेवढ्यानं त्याची जाडी फक्त एक टक्का कमी होते. भार उतरला की तो पूर्ववत. आपल्या वरच्या हिशेबातला रस्ता त्याच्यावर दीड टनाहून कमी वजन टाकतो. उरलेलं सामर्थ्य वाहनांसाठी. अभियंते ही एक टक्क्याची मर्यादा ओलांडत नाहीत. तिच्या आत राहिलं की ठोकळा थकत नाही.

आणखी एक गंमत. माती रचली की ती बाजूंना ढकलते, म्हणून उंच भरावाला जाड भिंत लागते किंवा लांब उतार सोडावा लागतो आणि उतारासाठी शेजारची जमीन घ्यावी लागते. थर्माकोलला वरून दाबलं तर तो बाजूला जवळपास फुगतच नाही. त्याचे ठोकळे सरळ उभे रचता येतात. पुलाच्या टोकाच्या भिंतीला मागून मातीचा जो रेटा बसतो, तोही नाहीसा होतो. जिथे भाताचं शेत आणि रस्ता यांच्यात वावभर अंतर आहे, तिथे ही गोष्ट लहान नाही.

त्याचे चार शत्रू

इतकं ऐकून कोणी उद्याच सगळ्या खाजनांत थर्माकोल ओतायला निघेल, म्हणून दुसरी बाजू तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. जिओफोमला चार शत्रू आहेत आणि त्यांतले बहुतेक गोव्यात मुक्कामाला असतात.

पहिला पूर. मघाचा बार्जचा हिशेब उलटा करून पाहा. एक घनमीटर थर्माकोल पाण्यात बुडाला की पाणी त्याला ९८० किलोच्या जोरानं वर ढकलतं. आपल्या नमुन्याच्या रस्त्याचं सगळं वजन दर चौरस मीटरला १,५०० किलो. म्हणजे थर्माकोल तळापासून दीड मीटर पाण्यात गेला, की वजन आणि उचल सारखी होते. त्यातला एक मीटर तर जमिनीखालीच आहे. पुराचं पाणी जमिनीवर अर्धा मीटर चढलं, की डांबर, काँक्रीट आणि वाहनांसकट रस्ता तरंगायच्या बेतात येतो. ही नुसती कल्पना नाही. १९८७ मध्ये ऑस्लो परिसरात अंदाजापेक्षा मोठा पूर आला आणि थर्माकोलचा एक भराव खरोखर पाण्यावर उचलला गेला. आता जुलै २०२१ आठवा: पेडणे, डिचोली आणि सत्तरीत नद्या पात्र सोडून गावांत शिरल्या होत्या. शापोऱ्याला तर तिळारीच्या धरणातून सुटणाऱ्या पाण्याचीही भर पडते. इथे थर्माकोल वापरायचा तर तो कमाल पूरपातळीच्या वर ठेवावा लागेल किंवा वर पुरेसं वजन द्यावं लागेल. आणि जास्त वजन द्यायचं, तर मग थर्माकोलचा फायदाच तेवढा कमी होतो. ही ओढाताण नीट जमवणं हाच या तंत्रातला खरा कस.

दुसरा शत्रू पेट्रोल. थर्माकोलच्या तुकड्यावर पेट्रोल टाकलं तर तो डोळ्यांदेखत विरघळतो. महामार्गावर टँकर उलटणं ही काही नवलाची बातमी नाही. म्हणून तर वरची काँक्रीटची लादी. ती भार पसरवते आणि इंधनही खाली झिरपू देत नाही. बाजूंना प्लास्टिकचं जाड आवरण आणि त्यावर माती घालतात.

तिसरा शत्रू आग. रस्ता पुरा झाल्यावर काळजी नसते, कारण बंद जागेत हवा मिळत नाही. धोका बांधकाम चालू असताना. नॉर्वेत पुलांजवळ वेल्डिंगच्या ठिणग्यांनी रचलेल्या ठोकळ्यांना आगी लागल्या आहेत. उघड्यावर ठेवलेले ठोकळे उन्हानं पिवळे पडतात आणि वाऱ्यानं उडतातही. वीस किलोची वस्तू जूनच्या वादळात जागेवर राहील या भरवशावर राहता येत नाही.

चौथा शत्रू मुंग्या आणि वाळवी. थर्माकोलमध्ये त्यांना खायला काही नाही, पण घर करायला तो उत्तम. अमेरिकेत यासाठी ठोकळ्यांत बोरेट मिसळतात.

याशिवाय पैशाचा हिशेब आहेच. मुरूम गावातल्या डोंगरातून मिळतो. थर्माकोल कारखान्यातून येतो आणि त्याचा ट्रक मुख्यतः हवा वाहून आणतो. नुसत्या घनमीटरच्या दरात तो मातीपेक्षा कितीतरी महाग पडतो. तो परवडतो तेव्हाच, जेव्हा त्याच्यामुळे पाइल वाचतात, भिंत बारीक होते, दोन-तीन वर्षांचं थांबणं टळतं आणि दरवर्षीचं डांबर वाचतं.

पर्यावरणाचा प्रश्नही टाळता येणार नाही. महाराष्ट्रानं मार्च २०१८ मध्ये थर्माकोलच्या ताटवाट्यांवर आणि सजावटीवर बंदी घातली. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. थर्माकोल कुजत नाही, हाच त्याच्यावरचा आरोप. गंमत अशी की रस्त्याच्या पोटात हाच गुण कामाचा ठरतो: दशकांनंतरही तो होता तसाच असतो. पण साइटवर ठोकळे कापताना निघणारा भुसा वाऱ्यानं खाडीत गेला, तर तो खेकड्या-माशांच्या पोटात जाणार. जमिनीखाली बंदिस्त थर्माकोल आणि पाण्यात सुटलेला थर्माकोल या दोन वेगळ्या वस्तू मानाव्या लागतात, आणि पहिल्याचा दुसरा होऊ न देण्याची जबाबदारी बांधणाऱ्याची असते.

इथे कुठे बसेल?

मऊ जमिनीवर आपल्याकडे इतर उपायही चालत आले आहेत. नवी मुंबई आणि न्हावा-शेवाच्या खाडीगाळात प्लास्टिकच्या पट्ट्या खोलवर रोवतात. गाळातलं पाणी त्या पट्ट्यांतून वर येतं. पाण्याचा प्रवास वीस मीटरऐवजी मीटर-दीड मीटरचा होतो आणि टेर्झागीच्या वर्गाच्या नियमामुळे वर्षांचं काम महिन्यांत होतं. दिल्लीत निजामुद्दीन पुलाचा जोडरस्ता १९९० च्या दशकाच्या अखेरीस औष्णिक वीज केंद्रांच्या राखेनं भरला. राख मातीपेक्षा हलकी आणि फुकटासारखी. गोव्यात तशी राख नाही. तिसरा उपाय म्हणजे भरावच न घालता रस्ता खांबांवर नेणं. महाग, पण खाजनासाठी सगळ्यात सोसणारा, कारण खालून भरतीचं पाणी येत-जात राहतं. भराव कितीही हलका असला तरी तो पाणी अडवतोच.

म्हणून थर्माकोलची खरी जागा लहान आणि नेमकी आहे: पुलाच्या तोंडाशी असलेले शेवटचे तीस-चाळीस मीटर, जिथे ठाम पूल आणि खचता रस्ता एकमेकांना भेटतात. मातीचा भराव जसजसा पुलाकडे येईल तसतसा त्यात थर्माकोलचा भाग वाढवत न्यायचा, म्हणजे खचणं एकदम पायरीसारखं न होता सावकाश उतारासारखं होतं.

दुसरी जागा डोंगरउतारावर आहे. पेडण्याची माती अवघड, हे कोकण रेल्वेनं किंमत मोजून शिकलं आहे. पेडण्याजवळच्या सुमारे दीड किलोमीटरच्या बोगद्यात पाणी धरणारी मऊ माती खोदताना पुन्हा पुन्हा ढासळत राहिली आणि सगळा मार्ग तयार असताना हाच तुकडा शेवटपर्यंत अडून राहिला. २६ जानेवारी १९९८ ला मार्ग पूर्ण सुरू झाला. त्यानंतरही ऑगस्ट २०२० मध्ये भर पावसात बोगद्याच्या भिंतीचा भाग कोसळला आणि गाड्या वळवाव्या लागल्या. वरून कठीण दिसणाऱ्या जांभ्याखाली अशी पांढरट, पिवळसर, पाणी पिणारी माती असते. अशा उतारावरून रस्ता जातो तेव्हा रस्त्याच्या बाहेरच्या निम्म्या भागाचा भराव उतारावर टेकतो आणि पावसात त्याचं वजन उताराला खाली ओढतं. १९८९ मध्ये अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात घसरलेल्या महामार्गाचा असाच तुकडा दुरुस्त करताना वरची माती काढून ६४८ घनमीटर थर्माकोल घातला. उताराच्या डोक्यावरचं ओझं गेलं आणि घसरण थांबली. उतारावर पुराचं पाणी चढत नाही, त्यामुळे पहिला शत्रूही तिथे फारसा नसतो; डोंगरातून झिरपणाऱ्या पाण्याला मात्र ठोकळ्यांखालून वाट काढून द्यावीच लागते.

या सगळ्यात मला सर्वांत मोठं नवल वाटतं ते एका जुन्या समजुतीचं. टिकाऊ म्हणजे जड, असं आपण घरापासून धरणापर्यंत मानत आलो. सड्यावर ते खरंही आहे. गाळावर मात्र जो भराव जितका जड, तितकं त्याचं आयुष्य कमी. जमीन बदलली की चांगल्या बांधकामाची व्याख्याच बदलते.

गोव्यातल्या ग्रामसभा रस्त्यांवरून गाजतात आणि ते चांगलंच आहे. पुढच्या वेळी गावातल्या खाजनातून किंवा उतारावरून रस्त्याचा आराखडा येईल, तेव्हा रुंदी आणि मोबदल्याबरोबर तीन प्रश्न जरूर विचारा: जमिनीत भोकं पाडून खालचा थर तपासला आहे का आणि तो किती जाड आहे? भरावाचं वजन दर चौरस मीटरला किती? आणि गेल्या मोठ्या पुराची पातळी त्या नकाशावर कुठे आहे? या तिन्हींची उत्तरं आकड्यांत मिळाली, तर भराव मुरमाचा असो, राखेचा असो की थर्माकोलचा, निवड बहुधा बरोबर झालेली असेल. न मिळाली, तर काम सुरू होण्याआधीच थांबवा.